पडलेल्या पोराला उठवायचे कुणी?

व्यसनाचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांमध्ये दोनच प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक तर 'पोरगा वाया गेला' म्हणून हात झटकले जातात, नाही तर 'आमच्या घरात तसले काही नाही' म्हणून दार लावून घेतले जाते. दोन्ही बोलण्यांत पोरगा एकटाच पडतो. पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि पुढे चाकणपर्यंतच्या पट्ट्यात तीन पाळ्यांत राबणारी हजारो कुटुंबे आहेत. बाप पहिल्या पाळीला, थोरला रात्रपाळीला, आई चार घरची धुणीभांडी किंवा पॅकिंगच्या कामाला. अशा घरातले सोळा-सतरा वर्षांचे पोर दिवसभर कुणाच्या संगतीत असते, हे घरातल्या कुणालाच धड सांगता येत नाही. आज या पोरांविषयी थोडे स्पष्ट लिहावे असे आम्हाला वाटते.

या नगरीची औद्योगिक ओळख औषधाच्या कारखान्यापासून सुरू झाली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि गोरगरिबांचे प्राण वाचवणारे पेनिसिलीन इथे तयार होऊ लागले. पुढे मोटारींचे, स्कूटरींचे, सुट्या भागांचे कारखाने आले आणि मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, खानदेशातून माणसे पोटासाठी इथे आली. त्याच पट्ट्यात ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो मेफेड्रोन पकडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कारखानाच उघडकीस आणला. त्या प्रकरणात पुणे, सांगली, दिल्ली मिळून जप्त झालेल्या मालाची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांच्या वर सांगितली गेली. औषध जिथे बनते तिथल्याच रसायनांतून आणि तशाच भांड्यांतून विषही बनवता येते, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

मेफेड्रोन म्हणजे पोरांच्या भाषेत एमडी. पांढरी पूड असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिला अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले गेले. ती घेतली की झोप आणि भूक मरते, अंगात तरतरी येते, बडबड वाढते. रात्रपाळी करणाऱ्याला किंवा रात्रभर गाडी चालवणाऱ्याला सुरुवातीला हे बरेच वाटते. पण तिचा अंमल फार वेळ टिकत नाही. उतरली की मन खचते, चिडचिड होते, सगळे आपल्यावर टपले आहेत असा संशय येतो, आणि ते टाळण्यासाठी माणूस पुन्हा पूड घेतो. बघता बघता पगार संपतो, मग मोबाईल जातो, मग आईच्या डब्यातले पैसे. ज्यांना हे परवडत नाही ती लहान पोरे पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर फडक्यावर घेऊन हुंगतात. आणि या सगळ्यांच्या आधी घरात तंबाखू आणि दारू आलेलीच असते.

'पोराला खेळाला घाला, म्हणजे तो बिघडणार नाही', असे आपण सारेच म्हणतो. यात तथ्य आहे, पण ते निम्मे. स्केटबोर्डचेच उदाहरण घ्या. चार चाकांच्या फळीवर उभे राहून पायऱ्या, कठडे, उतार यांवरून उड्या मारायचा हा खेळ. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तो पहिल्यांदा आला आणि मुलींच्या एका प्रकारात जपानच्या तेरा वर्षांच्या मुलीने सुवर्णपदक जिंकले. २०२२ साली गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने याच खेळात सुवर्णपदक मिळवले. तिचे वडील सुरक्षारक्षक. रखवालदाराच्या घरातल्या लेकीने ज्या खेळाचे नावही आपल्याला धड ठाऊक नव्हते त्यात महाराष्ट्राला सोने मिळवून दिले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. खेळाने काय घडू शकते त्याचा हा पुरावा आहे.

दुसरे निम्मे समजून घ्यायचे तर अमेरिकेतल्या एका पोराची गोष्ट सांगावी लागेल. ब्रँडन नोव्हाक हे त्याचे नाव. जन्म १९७८, गाव बाल्टिमोर. ते बंदराचे आणि कारखान्यांचे शहर. शाळकरी वयातच तो स्केटबोर्डवर इतका तरबेज झाला की पॉवेल पेराल्टा या त्या क्षेत्रातल्या नामांकित कंपनीने त्याला आपल्या चमूत घेतले. टोनी हॉकसारख्या जगप्रसिद्ध खेळाडूंबरोबर तो फिरू लागला. त्या वयात पोराला आणखी काय हवे असते? पण विशी गाठण्याआधीच तो हेरॉईनच्या नादी लागला. कंपनीने करार मोडला. फळी सुटली. पुढे तो दूरदर्शनवरच्या धाडसी, खोडकर कार्यक्रमांत दिसला, नाव झाले, पण नशा सुटली नाही. बाल्टिमोरच्या रस्त्यावर बेघर होऊन राहण्याची पाळी त्याच्यावर आली.

आपल्या हकिगतीवर त्याने २००८ साली एका सहलेखकाबरोबर 'ड्रीमसेलर' नावाचे पुस्तक काढले. लोकांना वाटले, चला, पोरगा सावरला. प्रत्यक्षात त्यानंतरही तो अनेकदा पडला. एकामागून एक अशा डझनभर उपचार केंद्रांच्या पायऱ्या त्याने झिजवल्या. अखेर मे २०१५ पासून तो नशेपासून दूर राहिला. त्यानंतर व्यसनी माणसांना उपचारापर्यंत आणण्याचे काम त्याने आपले काम म्हणून पत्करले आणि उपचार संपवून आलेल्यांना राहण्यासाठी घरेही सुरू केली.

वाचकहो, पुस्तक निघाल्यावरसुद्धा सात वर्षे हा माणूस पडत होता. आपल्या वस्तीत असा पोरगा असता तर दुसऱ्या खेपेलाच आपण म्हणालो असतो, 'याच्यावर पैसा घालवण्यात अर्थ नाही.' बाराव्या खेपेला त्याला दारात उभे तरी केले असते काय? स्केटबोर्ड शिकणारे पोर एक उडी जमेपर्यंत शंभर वेळा आपटते. गुडघे फुटतात, कोपरे सोलतात. त्याला कुणी नालायक म्हणत नाही, उलट 'पुन्हा कर' म्हणतात. नशेतून उठू पाहणाऱ्याच्या बाबतीत मात्र पहिल्याच पडण्याला आपण शेवटचे पडणे ठरवून मोकळे होतो.

आता आपल्या जवळ येऊ. हेरॉईनचेच अशुद्ध रूप म्हणजे ब्राऊन शुगर, आपल्याकडचे गर्द. १९८० नंतर मुंबई-पुण्यात ते शिरले आणि तरणी पोरे त्याच्या विळख्यात सापडू लागली. डॉ. अनिल अवचट यांनी त्या पोरांमध्ये फिरून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी व्यसनमुक्तीच्या कामासाठी एक लाख रुपये दिले. डॉ. अनिता अवचट, ज्यांना सारे सुनंदाताई म्हणत, त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. सुनंदाताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. पण काम थांबलेले नाही. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे चालवले.

मुक्तांगणची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण आपण घरात नेमके तिच्या उलट वागतो. तिथे व्यसनाला पाप म्हणत नाहीत, आजार म्हणतात. आधी शरीरातले विष उतरण्याच्या त्रासावर डॉक्टर औषध देतात. मग महिनाभराहून थोड्या अधिक मुदतीचा निवासी कार्यक्रम असतो. त्यात ठराविक वेळेला उठणे, योग, आवारातली कामे, गटात बसून बोलणे असा दिनक्रम असतो. तिथले अनेक कार्यकर्ते पूर्वी स्वतः व्यसनी होते. समोर बसलेल्या पोराने थाप मारली तर ती त्यांना लगेच कळते, कारण तीच थाप त्यांनीही कधी मारलेली असते. नवऱ्याच्या व्यसनात होरपळलेल्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. बाहेर पडल्यावर पाठपुरावा असतो आणि व्यसनमुक्तीचा वाढदिवस सर्वांसमक्ष साजरा होतो. 'जन्मभर पिणार नाही' अशी मोठी शपथ घालण्याऐवजी 'फक्त आजचा दिवस' असे शिकवले जाते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या व्यसनी माणसांच्याच संघटनेतही हीच शिकवण आहे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. वर्षाचा ताळेबंद एका दिवसात जुळत नसतो, रोजची किर्द रोज लिहावी लागते, हे आम्हाला पटकन पटते.

याच मुक्तांगणमधून उभा राहिलेला एक माणूस म्हणजे डोंबिवलीचे राहुल जाधव. मध्यमवर्गीय घरातला हा मुलगा गुन्हेगारी टोळीत गेला, खंडणीच्या धंद्यात अडकला, तुरुंगात गेला. दारू आणि अमली पदार्थांनी त्याला पोखरून टाकले. घरच्यांनी त्याला मुक्तांगणमध्ये आणले. तिथे उपचार झाले आणि तिथेच त्याला धावण्याची गोडी लागली. पुढे तो लांब पल्ल्याचा धावपटू झाला, व्यसनमुक्तीचा संदेश घेऊन मुंबईहून दिल्लीपर्यंत धावत गेला आणि मुक्तांगणमध्येच इतरांना समुपदेशन करू लागला. पूजा चंगोईवाला यांनी त्याच्या आयुष्यावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक २०२० साली प्रसिद्ध झाले.

नोव्हाकच्या हातात खेळ आधी होता आणि नशेने तो घालवला. जाधवांच्या आयुष्यात खेळ नशेनंतर आला आणि त्याने त्यांना धरून ठेवले. दोन्ही हकिगतींचा हिशेब मांडला तर एक गोष्ट दिसते. नुसता खेळ पोराला वाचवत नाही. खेळ म्हणजे हाताला मिळालेला कठडा. तो धरायला उपचार लागतात, समजणारी माणसे लागतात आणि घरचे दार उघडे लागते. मात्र नशा सोडणाऱ्याला धरायला कठडा हवाच. ज्याच्या दिवसाचे सोळा तास नशा मिळवण्यात, करण्यात आणि लपवण्यात जात होते, त्याचे ते सोळा तास उद्यापासून रिकामे होतात. ते कशाने भरायचे, हा प्रश्न घरच्यांनी त्याच्याबरोबर बसून सोडवायचा असतो. क्रिकेट असो, कबड्डी असो, ढोल-लेझीम असो, की ती चार चाकांची फळी असो. 'आता आधी कामाला लाग, खेळबिळ पुरे' असे म्हणून फळी माळ्यावर टाकणारा बाप पोराच्या हातातला कठडाच काढून घेत असतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते आयाबहिणींसाठी विशेष करून लिहितो.

पोराची झोप उलटी झाली, जेवण सुटले, वजन उतरले, जुने मित्र बदलले, आवडता खेळ अचानक सुटला, पैशांचा हिशेब लागेना, संशय आणि चिडचिड वाढली, तर लक्ष द्या. यातले एखादे लक्षण दिसले म्हणून लगेच आरोप करू नका, कारण वयात येणारी पोरे तशीही बदलतात. पण चार लक्षणे एकत्र दिसली तर शांतपणे, तो शुद्धीवर असताना, शेजारच्यांदेखत नव्हे तर एकट्याशी बोला.

खोलीत कोंडून नशा सोडवण्याचा प्रयोग घरी करू नका. गर्द सुटताना अंग मोडून येते, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, माणूस तळमळतो. दारूचे तर त्याहून कठीण आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो आणि जीवही जाऊ शकतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिरातींतली पूड चहात मिसळून देणे हासुद्धा जिवाशी खेळ आहे. त्यात कोणते औषध आहे हे न कळता तो वर दारू प्याला तर प्रकृती एकदम ढासळू शकते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही आठवडे गर्दापासून दूर राहिलेल्याचे शरीर जुनी मात्रा पेलू शकत नाही. तो घसरला आणि पूर्वीइतकीच घेतली तर तेवढ्यानेच मृत्यू ओढवू शकतो. म्हणून घसरलेल्या पोराला घराबाहेर काढण्याची वेळ ती नव्हे. त्याच वेळी त्याला जवळ धरावे लागते आणि दवाखाना गाठावा लागतो.

पैशाची भीती सर्वांना असते. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआयची रक्कम कापली जाते त्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना विमा रुग्णालयाचे दार उघडे आहे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी आपली कपात खरोखर भरली जाते की नाही, हेही या निमित्ताने पाहून घ्यावे. केंद्र सरकारची १४४४६ ही विनाशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. तो क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

दुसरी भीती पोलिसांची. 'दवाखान्यात नेले तर पोरगा आत जाईल' असे अनेक आयांना वाटते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते त्याने पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट टाकले तर ती सूट काढून घेतली जाऊ शकते. विकणाऱ्याला ही सवलत नाही. गावागावांतल्या वकील कार्यकर्त्यांनी हे कलम बैठकांतून समजावून सांगितले पाहिजे.

केंद्र सरकारने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीसपैकी एकाच माणसाला काही तरी उपचार मिळाला होता. दारूच्या बाबतीत अडतीसपैकी एकाला. उरलेले एकोणीस आणि सदतीस कुठे आहेत? ते आपल्याच चाळींत, पत्र्याच्या खोल्यांत, कंपनीच्या बसथांब्यावर आहेत. उपचाराची ठिकाणे अपुरी आहेत हे खरे, आणि त्यासाठी महापालिकेकडे, शासनाकडे मागणी लावून धरलीच पाहिजे. पण लाजेपायी जे तिथवर पोचतच नाहीत, त्यांच्यासाठी मागणी आपल्याला आपल्याकडेच करावी लागेल.

आपण विहारात बसून पंचशील म्हणतो. पाचवे शील नशापाण्यापासून दूर राहण्याचेच आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेत बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळलीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण ती आजारी पोराच्या डोक्यात घालायची काठी नव्हे. ज्यांनी दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले, ते दूर होऊ शकते हे सांगितले आणि त्याचा मार्गही सांगितला, त्या बुद्धांचे नाव घेणाऱ्यांनी दुखणाईत माणसाला वंदनेच्या सतरंजीवरून उठवावे काय? उलट महिन्यातून एक संध्याकाळ विहारात व्यसनमुक्तीच्या बैठकीला द्यावी. त्या दिवशी भाषणे नकोत. नशेतून बाहेर पडलेल्यांनी बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून एखाद्या पोराच्या उपचाराचा, प्रवासाचा, एखाद्या पोरीच्या बुटांचा किंवा फळीचा खर्च उचलावा. मंडळाच्या वहीत या खर्चालाही एक पान असावे.

वस्तीतला जो पोरगा सध्या कुणाशी बोलत नाही, रात्री उशिरा येतो आणि सकाळी डोळे चुकवतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. या रविवारी त्याच्या आईकडे जा. उपदेश करू नका. एवढेच विचारा, 'दवाखान्यात बरोबर येऊ का?'